मुंगी आणि वृक्ष यांची भागीदारी

अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनकडील आंब्याच्या झाडांवर पाने शिवून केलेली तांबड्या मुंगळ्यांची घरटी शिक्षकांच्या नित्य पाहण्यातील आहेत. या मुंगळ्यांस कोकणात कोठे ओंबील, तर कोठे हुमले म्हणतात. आंबे उतरविणाऱ्यास त्यांचा चावा असह्य होतो, म्हणून कित्येकदा पेटत्या चुडीने ही घरटी जाळली जातात. अशा वेळी मुले विचारतात, "झाड यांना राहू तरी का देते?" त्यावर "झाडाने त्यांना राखणीस ठेवले आहे" असे उत्तर देण्याचा मोह होतो. उत्तर गोड आहे, पण शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. झाड विचार करीत नाही, आणि मुंगी कोणाची चाकरी करीत नाही. असे असता दोघांची भागीदारी जमली कशी, हाच या पाठाचा खरा विषय होय.

प्रारंभ खाडीकाठच्या भेंडापासून करावा. भेंडाचे कोवळे पान उलटे केल्यास मधल्या शिरेवर, देठानजीक, एक लहानशी ग्रंथी दिसते. तीतून गोड रस पाझरतो. फणसाडच्या अभयारण्यातील ऐनाच्या पानामागे, बुडाशी, अशाच एक-दोन गाठी असतात; पांगाऱ्याच्या पर्णिकांच्या बुडाशीही त्या आढळतात. हा मध फुलातील नव्हे. परागीभवनाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या लोभाने मुंग्या कोवळ्या पानांवर सतत फिरतात आणि वाटेत अळी वा अंडी आढळल्यास तीही उचलून नेतात.

आता क्रम ध्यानात घ्यावा. एका जातीची सर्व झाडे सारखी नसतात. ज्या झाडाच्या पानांतून थोडा अधिक रस पाझरला, तेथे मुंग्या अधिक आल्या, त्याची पाने कमी कुरतडली गेली व त्याचे बी अधिक पडले. रस पाझरण्याचा गुण बियांतून पुढे गेला. असंख्य पिढ्या हेच घडत राहिले. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंग्यांच्या 1,700 हून अधिक जाती व वनस्पतींच्या 10,000 हून अधिक प्रजाती यांची माहिती एकत्र तपासली गेली. मुंग्या प्रथम झाडावर भक्ष्य शोधू लागल्या, नंतर झाडापासून मिळणारे अन्न खाऊ लागल्या आणि त्यानंतर तेथे घर करू लागल्या, असा क्रम तीत दिसून आला.

घर देण्यापर्यंत मजल गेलेला वृक्ष रायगडात नाही. तो पाहावयास सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक-केरळच्या सदाहरित अरण्यात जावे लागते. हंबोल्डशिया ब्रुनोनिस हे त्याचे नाव. त्याच्या काही फांद्यांची पेरी फुगीर व पोकळ असून त्यांस आपोआप भोक पडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेने बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा दीर्घ अभ्यास केला आहे. गंमत अशी, की या जातीच्या सर्वच झाडांना अशी पेरी नसतात, आणि असली तरी त्यांत अनेक जातींच्या मुंग्या, इतकेच नव्हे तर गांडुळेही राहतात. खरी राखण करणारे भाडेकरू थोडेच! तथापि, त्यांच्या टाकाऊ द्रव्यातील नायट्रोजन वृक्षास मिळतो. म्हणजे राखण न करणारा रहिवासीही सर्वस्वी निरुपयोगी नव्हे.

आपल्या ओंबिलीचा हिशेबही असाच मिश्र आहे. काजूवरील ढेकण्या तिच्यामुळे कमी होतो. पण गोड चिकट द्रवासाठी ती पिठ्या ढेकणासारख्या रसशोषक किडी सांभाळते, आणि त्या झाडास अपाय करितात. तेव्हा तिला "शेतकऱ्याचा मित्र" अशी एकच चिठ्ठी डकवू नये. घरटे जाळण्यापूर्वी मात्र दोन्ही बाजू पाहाव्यात.

प्रयोगासाठी भेंडाच्या एकाच झाडाच्या दोन सारख्या फांद्या निवडाव्यात. एकीच्या बुडाशी कापडी पट्टी गुंडाळून तीवर चिकट ग्रीस लावावे. ती फांदी इतर फांद्यांस टेकत नाही हे पाहावे, नाहीतर मुंग्या दुसऱ्या वाटेने चढतात. कोवळी पाने फुटण्याच्या दिवसांत पंधरा दिवस रोज दोन्हींवरील मुंग्या व कुरतडलेली पाने मुलांकडून मोजून घ्यावीत. दोन्ही फांद्यांत फरक न आढळल्यास आकडे तसेच फळ्यावर लिहावेत आणि त्या झाडावर त्या वेळी कोणत्या मुंग्या व किती अळ्या होत्या, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.