गोल चौक की सिग्नल?

दोन रस्ते एकमेकांस छेदतात, तेथे प्रत्येक वाहनचालकापुढे एकच प्रश्न असतो : आधी कोणी जायचे? सिग्नल हा प्रश्न वेळ वाटून देऊन सोडवतो. गोल चौक तो वळणाच्या साहाय्याने सोडवतो. दिल्लीलगतच्या नोएडाची स्थापना १९७६ साली झाली. शेतजमिनीवर सेक्टर वसत गेले आणि गावांच्या वाटा रुंद रस्त्यांना येऊन मिळाल्या. अशा अनेक ठिकाणी मध्ये बेट असलेले गोल चौक बांधले गेले. तिकडे त्यांना ‘गोलचक्कर’ म्हणतात.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांस भिडू शकतात. एकपदरी गोल चौकात अशी ठिकाणे ८ च उरतात, कारण सर्व वाहने बेटाभोवती एकाच दिशेने फिरतात. समोरासमोरची धडक सहसा होत नाही आणि वळसा घेताना वेगही आपोआप उतरतो. ग्रामीण रस्त्यावर याचे मोल मोठे आहे. भरधाव ट्रक, उसाची ट्रॉली आणि सायकलवरील विद्यार्थी तेथे एकाच वेळी येतात. वीज गेली की सिग्नलचा खांब नुसता उभा राहतो. बेटाला मात्र वळसा घालावाच लागतो. (उलट दिशेने शिरून अंतर वाचविणारे महाभाग असतातच!)

परंतु चौकात आधी शिरलेल्या वाहनाला वाट दिली नाही, तर सारा चौक कोंडतो. ब्रिटनने उजवीकडून येणाऱ्या वाहनाला अग्रक्रम देण्याचा नियम १९६६ साली केला, तेव्हा तेथील गोल चौक सुरळीत चालू लागले. वाहनांच्या संख्येलाही मर्यादा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेने ती सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे ३,००० वाहने अशी धरली होती. नोएडातील पर्थला गावाजवळचा गोल चौक वाढत्या रहदारीपुढे अपुरा पडला; २०२३ साली तेथे उड्डाणपूल खुला करण्यात आला.

गोल चौकाला जागाही अधिक लागते. खेड्यात ती बहुधा कोणाच्या तरी शेताचा कोपरा असते. पादचाऱ्याची अडचण याहून मोठी. सिग्नलवर लाल दिवा त्याच्यासाठी वाहने थांबवतो. गोल चौकात ती थांबतच नाहीत. म्हणून शाळा किंवा बाजार जवळ असेल, तर प्रत्येक रस्त्याच्या मधोमध उभे राहण्याजोगी जागा आणि पांढऱ्या पट्ट्या आखाव्या लागतात. त्या नसतील, तर तेथे सिग्नलच बरा.