फ्रिजचा पंखा गप्प झालाय?

प्रश्न : फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा आतला पंखा बंद आहे. फ्रीजरात बर्फ जमतो, पण खाली दूध नासतं. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो. काय करू? – एक वाचक, तिरोडा

उत्तर : गॅस भरू नका. बर्फ जमतोय, म्हणजे कॉम्प्रेसर आणि गॅस बहुधा ठीक आहेत. गार हवा खाली ढकलणारा पंखाच थांबलाय. दार उघडून चौकटीतलं, दार लागल्यावर दाबलं जाणारं बटण बोटाने दाबून धरा. पंख्याचा आवाज आला, तर बटण नव्हे, दाराचं रबर किंवा बिजागरी तपासा.

आवाज नसेल तर पाती बर्फात अडकली असतील. प्लग काढून, दारं उघडी ठेवून दिवसभर बर्फ वितळू द्या. खाली जुनं धोतर अंथरा. सुरीने बर्फ खरवडू नका, ॲल्युमिनियमच्या नळीला भोक पडलं की मग खरंच गॅस जातो! पंखा फिरून आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा अडकला, तर दोष डीफ्रॉस्ट हीटरचा किंवा सेन्सरचा. बर्फ नसूनही बंद, तर मोटरला वीज पोचते का, हे मेकॅनिककडून मीटरने मोजून घ्या. पोचत असेल तरच मोटर बदला.

आपल्याकडे घरोघरी धानाची पोती, त्यामुळे उंदीरही. फ्रिजमागची वायर कुरतडलेली नाही ना, तेही बघा.