लोहातील अतिसंवाहकता : चुंबकत्वाची नवी ओळख

विजेचा प्रवाह वाहू लागला की तार तापते. तारेतील विरोधामुळे विजेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हा विरोध संपूर्णपणे नाहीसा होऊ शकतो, ही गोष्ट सन १९११ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत प्रथम आढळून आली. पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करताच त्यातील विरोध एकाएकी शून्य झाला. या गुणधर्मास अतिसंवाहकता असे म्हणतात. रुग्णालयांतील एम.आर.आय. यंत्रांचे शक्तिशाली चुंबक बहुधा अतिसंवाहक तारांच्या वेटोळ्यांचेच असतात. परंतु त्या थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो व तो भारतास आयात करावा लागतो. त्यामुळे याहून अधिक तापमानावर काम देणाऱ्या पदार्थांचा शोध हा केवळ कुतूहलाचा विषय नाही.

जोडीचे तत्त्व

सन १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रीफर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या गुणधर्माची उपपत्ती मांडली. इलेक्ट्रॉन एरवी एकमेकांस दूर सारतात. परंतु अतिशीत धातूत अणूंच्या जालकाच्या कंपनांमुळे त्यांच्या जोड्या जमतात आणि त्या अडथळ्याविना वाहतात. जोडी फोडण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेवरून ‘ऊर्जा-अंतर’ ठरते. हे अंतर कोणत्या दिशेस किती आहे आणि जोडीच्या तरंगाचे चिन्ह कोठे धन व कोठे ऋण आहे, यावरून त्याची सममिती ठरते. ठशांवरून जनावर ओळखावे, तद्वत या सममितीवरून जोडी जमविणाऱ्या शक्तीचा माग काढता येतो.

अनपेक्षित शोध

चुंबकत्व हा अतिसंवाहकतेचा वैरी, असा दीर्घकाळचा समज होता; कारण साध्या अतिसंवाहक धातूत थोडेसे चुंबकीय अणू मिसळले तरी जोड्या मोडतात. साहजिकच लोहाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. मात्र सन २००८ च्या आरंभी जपानमधील हिदेओ होसोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनम, लोह, आर्सेनिक व ऑक्सिजन यांच्या संयुगात थोडे फ्लोरीन मिसळले, तेव्हा ते उणे २४७ अंशांवर अतिसंवाहक झाले. त्याच वर्षी चीनमधील शास्त्रज्ञांनी लँथॅनमच्या जागी समेरियम योजून ही मर्यादा उणे २१८ अंशांपर्यंत वर नेली. केवळ जालकाच्या कंपनांनी एवढे तापमान साधणार नाही, असे गणिताने दिसून आले.

विरोधातून सहकार्य

प्रत्येक इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ असतो व त्यामुळे तो एका सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. मूळ संयुगात लोह-अणूंचे चुंबक एका दिशेने आलटूनपालटून उलट व दुसऱ्या दिशेने सारखे, असे पट्ट्यांनी मांडलेले असतात. फ्लोरीन मिसळल्यावर ही मांडणी विस्कटते. पण तिची ओढ मात्र उरते. मांडणी क्षणभर जमते व विरते. यालाच स्पिनचे चढउतार म्हणतात.

या पदार्थांत इलेक्ट्रॉनांचे दोन प्रकारचे गट असतात. स्पिनचे चढउतार जोड्यांना एका गटातून दुसऱ्या गटात ढकलतात. परंतु हा परिणाम आकर्षणाचा नसून प्रतिकर्षणाचा असतो. मग जोडी टिकते कशी? जात्यावर समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघींपैकी एक खुंटा ओढते, तेव्हा दुसरी तो पुढे सारते. दोघींनी एकाच क्षणी आपल्याकडे ओढल्यास जाते अडते. त्याचप्रमाणे एका गटात तरंगाचे चिन्ह धन व दुसऱ्यात ऋण असेल, तर प्रतिकर्षणही जोडीस पोषक ठरते. इगोर माझिन व त्यांचे सहकारी, तसेच जपानमधील कुरोकी व त्यांचे सहकारी यांनी ही कल्पना सन २००८ मध्येच मांडली.

पुरावा व शिल्लक प्रश्न

त्याच वर्षी बेरियम, पोटॅशियम, लोह व आर्सेनिक यांच्या संयुगावर न्यूट्रॉनांचा झोत टाकून पाहण्यात आले. पदार्थ अतिसंवाहक होताच ठरावीक ऊर्जेचे चुंबकीय चढउतार अधिक तीव्र झाले. चिन्हे परस्परविरुद्ध असल्यास असेच घडावयास हवे होते. सन २०१० मध्ये जपानमध्ये लोह, सेलेनियम व टेल्युरियम यांच्या संयुगावर सूक्ष्मदर्शकाने केलेल्या निरीक्षणांनीही या कल्पनेस दुजोरा दिला.

तथापि सर्व लोह-संयुगांना हा एकच नियम लागू पडत नाही. काहींत विशिष्ट दिशांना ऊर्जा-अंतर शून्य होते. सन २०१२ मध्ये चीनमध्ये अभ्यासलेल्या लोह-सेलेनियमच्या अतिपातळ थरात दोहोंपैकी एक गट जवळजवळ नसतोच; तरीही तो साध्या लोह-सेलेनियमपेक्षा कितीतरी अधिक तापमानावर अतिसंवाहक होतो. तेथे जोडी कशी जमते, याविषयी मतभेद आहेत.

इकडे उपयोगाची वाटचाल थांबलेली नाही. चीनमध्ये सन २०१६ मध्ये लोहाधारित अतिसंवाहकाची सुमारे १०० मीटर लांबीची तार तयार करण्यात आली. जोडी जमविणारी शक्ती नेमकी उमगली, तर नवा पदार्थ केवळ योगायोगाने हाती लागण्याची वाट पाहावी लागणार नाही. ज्या चुंबकत्वास वैरी समजून दूर ठेवले, तेच साहाय्यक ठरण्याची शक्यता दिसते आहे. विज्ञानात रूढ समजही प्रयोगाच्या कसोटीवर पुन्हापुन्हा घासून पाहावा लागतो, हे विद्यार्थ्यांपुढे मांडण्यास याहून समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल.