परसबागेचा अभ्यास : इंदूर पद्धतीचे खत आणि सणावारांची भाजी

परसबाग हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. घरामागे परस, परसात आड, आडाजवळ न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर दोडक्याचा वेल आणि कोपऱ्यात शेवगा, अशी मांडणी मराठी घरांतून सर्वत्र आढळे. त्या काळी हे शास्त्र कोणी शिकवीत नसे. मुले आजीच्या मागे हिंडता हिंडता ते आपोआप शिकत. आता परसास फरशी आली, न्हाणीचे पाणी नळीवाटे गटारात जाऊ लागले आणि भाजी पिशवीतून घरी येऊ लागली. जे पूर्वी पाहून येत असे, ते यापुढे अभ्यास करून मिळवावे लागेल. ज्या वडीलधाऱ्या मंडळींच्या हातांत हे ज्ञान अद्याप आहे, त्यांच्या हयातीतच ते मिळविणे शहाणपणाचे ठरेल. एवढ्याच हेतूने हा विषय येथे पाठरूपाने मांडला आहे.

१. आरंभ मातीपासून

नवशिके लोक प्रथम बियाणे आणतात. वास्तविक प्रथम माती तयार करावयास हवी. रोपास अन्न देणारी, पाणी धरून ठेवणारी आणि तरीही मुळांस हवा मिळू देणारी माती ही कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे होते. हे पदार्थ प्रत्येक घरात रोज निर्माण होतात आणि रोज बाहेर टाकले जातात.

या बाबतीत आपल्या इंदूर शहरास एक मोठा वारसा आहे, तो पुष्कळांस ठाऊक नाही. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे अनेक वर्षे काम केल्यानंतर १९२४ साली इंदुरात स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेचे ते संचालक झाले. होळकर दरबाराने या संस्थेस जमीन दिली होती. हॉवर्ड यांनी येथील शेतकऱ्यांची रीत बारकाईने पाहिली, चीनमधील शेतकरी प्रत्येक टाकाऊ वस्तू पुन्हा जमिनीस कशी परत देतात याचाही विचार केला आणि काडीकचरा, शेण, राख व माती यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. या कामी यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. दोघांनी मिळून लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जगभर ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. १९३५ साली महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले असता त्यांनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’ पत्रातून या खताची माहिती लोकांपुढे मांडली.

२०१७ सालापासून वर्षानुवर्षे स्वच्छतेच्या सर्वेक्षणांत आपल्या शहराने अग्रस्थान मिळविले. ओला व सुका कचरा वेगळा करण्याची सवय घरोघरी लागली. म्हणजे अर्धे काम झालेलेच आहे. ओला कचरा गाडीत घालण्याऐवजी त्याचा काही भाग आपल्याच परसात ठेवावयाचा, एवढेच उरले आहे.

२. खताचा ढीग

मूळ पद्धतीत मोठे खड्डे असत. परंतु पावसाळ्यात त्यांत पाणी साचते, म्हणून त्या दिवसांत जमिनीवर ढीग रचीत. घरगुती कामास तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तितकाच उंच ढीग पुरे. विटांचे सैल कडे किंवा बाजूंस भोके पाडलेले जुने पिंपही चालते.

तळाशी काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर वाळलेल्या पानांचा सहा इंच थर, त्यावर भाजीची देठे, साली व ओला पाला यांचा दोन इंच थर, त्यावर शेणकाला शिंपडून मूठभर राख व थोडी जुनी माती पसरावी. हाच क्रम वरपर्यंत ठेवावा. सुका पाला अधिक आणि ओला कचरा कमी, हे प्रमाण महत्त्वाचे आहे. ओले फार झाले की दुर्गंधी सुटते; सुके फार झाले की कुजणे थांबते. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा.

काही दिवसांत ढीग आतून तापतो. ही उष्णता सूक्ष्म जीवांच्या कार्यामुळे उत्पन्न होते आणि तिच्यामुळे तणाचे बी व रोगजंतू बव्हंशी मरतात. सुमारे पंधरा दिवसांनी, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलटावा; बाहेरचे आत व आतले बाहेर करावे. उलटण्याने आतील जीवांस हवा मिळते, हेच या पद्धतीचे मर्म होय. नव्वद दिवसांच्या सुमारास काळसर, भुसभुशीत व पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचे खत हाती येते. शिजलेले तेलकट अन्न, दूध व मासळी-मटणाचे अवशेष ढिगात घालू नयेत. त्याने उंदीर व माश्या येतात.

३. निर्माल्याविषयी

निर्माल्य पायदळी येऊ नये, म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावे असा आपला संस्कार आहे. त्यामागील भाव योग्यच आहे. परंतु कान्ह व सरस्वती या आपल्या नद्यांचे पाणी आता पूर्वीसारखे वाहते राहिलेले नाही. त्यांत निर्माल्य सोडणे म्हणजे ते साचलेल्या पाण्यात कुजू देणे होय. देवास वाहिलेले फूल मातीस मिळावे आणि त्या मातीतून पुन्हा देवासाठी फूल उगवावे, यात निर्माल्याचा अनादर कोठेही होत नाही. ढिगावर कोणाचा पाय पडत नाही.

मात्र निवड काळजीपूर्वक करावी. हाराचे दोरे, जर, प्लास्टिक आणि चमकीचा कागद काढून टाकावा. गुलाल-कुंकवाने माखलेली फुले वेगळी ठेवावीत, कारण बाजारी रंगांत कृत्रिम द्रव्ये असू शकतात. बेलाची पाने चिवट असल्याने ती चुरून घालावीत. नारळाची शेंडी लवकर कुजत नाही. ती रोपांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावी.

४. वाफे आणि पाणी

माळव्याची काळी माती सकस आहे, परंतु तिचा स्वभाव ओळखला पाहिजे. पाणी पिऊन ती फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीपासून अर्धा फूट उंच गादीवाफे करावेत, म्हणजे मुळांशी पाणी तुंबणार नाही. थंडीत सपाट वाफे चालतात. वाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक नसावी. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे व माती पायाने तुडविली जाता कामा नये. फळभाज्यांस दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांस तीन-चार तासही पुरतात.

इंदुरास नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. ते जलूद येथून विंध्याची चढण चढवून सुमारे ७० किलोमीटर आणावे लागते. असे पाणी नळी लावून वाहवीत सोडणे शोभत नाही. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी साठवून वाफ्यास घालावे. साबणाचे पाणी पालेभाजीस देऊ नये. वेलाजवळ न भाजलेल्या बाजूचा नव्हे, तर साधा, रोगण न लावलेला मातीचा घडा गळ्यापर्यंत पुरावा आणि भरून झाकावा. घड्यातून पाझरणारे पाणी मुळांस हवे तेवढेच मिळते. वाफ्यावर वाळलेला पाला पसरल्यास ओल पुष्कळ दिवस टिकते.

५. पंचांग हेच पेरणीचे पुस्तक

आपल्या सणांचा आणि परसबागेचा संबंध किती निकट आहे, हे पेरणीचा क्रम मांडला म्हणजे लक्षात येते. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. त्या दिवशीची भाजी ही केवळ मानवी हातांनी पिकविलेली असावी असा नियम आहे. ती भाजी म्हणजे परसबागेचीच भाजी होय. आज आपण तीच भाजी बाजारातून आणतो आणि नियम पाळल्याचे समाधान मानतो. निदान एका दिवसापुरती तरी ती स्वतःच्या परसातली असावी.

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला चांगला पाऊस झाला की भेंडी, दोडका, पडवळ, लाल माठ व मका लावावा आणि अळूचे कंद पुरावेत. माठ महिन्याभरात, भेंडी सुमारे पन्नास दिवसांत आणि दोडका-पडवळ दोन महिन्यांच्या आसपास मिळू लागतात. भाद्रपद शुद्ध पंचमीस ताटात सर्व भाज्या येतात. याच वेळी कडेने झेंडू लावल्यास दसऱ्याचे तोरण घरचे होते.

श्रावणात वांग्याचे बी रोपवाफ्यात टाकावे व महिन्याभराने रोपे सायंकाळच्या वेळी लावावीत. चातुर्मासात वांगे वर्ज्य असते. तोवर झाड फळावर येते आणि चंपाषष्ठीच्या भरितास घरची वांगी मिळतात. भाद्रपदात वालपापडी, आश्विनात गाजर व कार्तिकात वाटाणा पेरावा, म्हणजे पौषात भोगीच्या भाजीची तयारी होते. वाल, चवळी व वाटाणा यांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीस देतात. म्हणून त्यांच्यानंतर त्या वाफ्यात पालेभाजी घ्यावी.

मेथी, पालक व कोथिंबीर यांस आश्विनापासून माघापर्यंतचा काळ अनुकूल. संपूर्ण वाफा एकदम पेरू नये. त्याचे चार पट्टे करून दर आठ-दहा दिवसांनी एकेक पेरावा, म्हणजे भाजी एकाच आठवड्यात वाया न जाता महिनाभर पुरते. धणे हाताने रगडून दोन दले करावे व रात्रभर भिजवावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल असावे. त्याहून खोल गेल्यास कोंब वर येत नाही.

६. कीड आणि बी

ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकून पडतात. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळावी, किंचित साबण मिसळून सायंकाळी शिंपडावी. मावा व तुडतुडे यांवर हा उपाय चांगला लागू पडतो. वांग्याचा शेंडा सुकलेला दिसल्यास आत अळी असते. तो शेंडा कापून नष्ट करावा, खताच्या ढिगात टाकू नये.

सर्वांत निरोगी वेलावरील एक-दोन दोडके वेलावरच वाळू द्यावेत. त्यांचे बी कोरड्या राखेत मिसळून डब्यात ठेवावे. संकरित बियाण्याचे राखलेले बी पुढील वर्षी तेच गुण देत नाही. म्हणून ज्या घरी वाल, दोडका वा माठ यांचे जुने, पिढीजात बी असेल, त्यांनी ते शेजाऱ्यांस अवश्य द्यावे. एका घरी राखलेले बी एका चुकलेल्या पावसाने नाहीसे होते. दहा घरी वाटलेले बी टिकते.

७. मर्यादा

परसबागेतून धान्य निघणार नाही. कांदे-बटाट्यांस जागा फार लागते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागेतून एका कुटुंबाच्या पालेभाजीचा, कोथिंबिरीचा व काही फळभाज्यांचा भाग भागतो, ही अपेक्षा ठेवावी. ज्यांस अंगण नाही त्यांनी कुंड्यांतून मेथी, पुदिना, मिरची व कढीलिंब लावावा. गच्चीवर वाफे करण्यापूर्वी जाणकार अभियंत्यास विचारावे. एक घनफूट ओल्या मातीचे वजन सुमारे ५० किलो भरते.

या महिन्याचा स्वाध्याय

ज्येष्ठ महिना सुरू आहे. प्रत्येक कुटुंबाने तीन कामे हाती घ्यावीत. पाऊस येण्यापूर्वी खताचा ढीग रचावा. तो भाद्रपदाअखेर तयार होऊन थंडीच्या भाज्यांस उपयोगी पडेल. वाफा एक हात खोल खणून उन्हात तापवावा. आणि घरातील किंवा आळीतील वयोवृद्ध मंडळींस विचारून, त्यांच्या परसात कोणत्या महिन्यात काय लावीत, ते एका वहीत लिहून घ्यावे. पहिली दोन कामे पुढील वर्षीही करता येतील. तिसऱ्यास मात्र विलंब नको.