जहरी सर्पांचे बंदिवासातील पालन व सर्पदंशावरील लस

प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लसीच्या ज्या लहान कुप्या असतात, त्या कशा तयार होतात याची माहिती ग्रामकार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस असणे उपयुक्त आहे. ही लस केवळ रसायनांपासून बनत नाही. तिच्यासाठी जिवंत सर्पाचे विष लागते; आणि विष हवे असेल तर अत्यंत जहरी सर्प काही काळ तरी बंदिवासात सांभाळावे लागतात. साप पाळणे हा कित्येकांस खेळ वाटतो. प्रत्यक्षात ते किती जोखमीचे, खर्चाचे व शिस्तीचे काम आहे, हे पुढील माहितीवरून कळेल.

मुंबईत प्रभादेवी स्थानकाच्या पूर्वेस, परळ येथे हाफकिन संस्था आहे. प्लेगवरील लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये तेथील जुन्या गव्हर्नर निवासात आली व १९२५ मध्ये संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. सर्पविषाचा अभ्यासही येथे फार पूर्वीपासून होत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅप्टन जॉर्ज लॅम्ब यांनी नाग व घोणस यांच्या विषांवर येथे प्रयोग केले. त्यापूर्वी फ्रान्समधील आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर लस तयार केली होती व ती सर्वच सर्पांच्या विषावर चालेल अशी त्यांची समजूत होती. लॅम्ब यांच्या कामावरून असे दिसून आले की, नागविषावरील लस घोणशीच्या विषावर चालत नाही. ज्या सर्पाचा दंश, त्याच सर्पाच्या विषापासून केलेली लस हवी. म्हणूनच भारतातील लसीत नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवरील उतारा एकत्र असतो. आणि म्हणूनच या चारही जाती सांभाळणे भाग पडते.

पुढे परळ येथे सर्पालय चालविण्यात आले. संस्थेतील डॉ. पी. जे. देवरस यांनी तेथील नोंदींच्या आधारे, कोणत्या सर्पापासून किती विष मिळते याचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा नोंदी कंटाळवाण्या दिसतात, पण सर्पालयाचा सारा भार त्यांवरच असतो. नवा आलेला साप आधी इतरांपासून वेगळा ठेवावा लागतो, कारण त्याच्या अंगावर गोचिडी असतात व तोंडास जखमा झालेल्या असतात. पकडलेला साप पुष्कळदा अन्नास तोंड लावीत नाही. पेटी फार ओली राहिली तर त्याची कातडी बिघडते, फार कोरडी राहिली तर कात नीट निघत नाही. पेटीला कुलूप असावे, आत कोणत्या जातीचे किती साप आहेत ते बाहेर लिहिलेले असावे, पेटी उघडताना दोन माणसे हजर असावीत व लस हाताशी असावी, हे नियम अनुभवी माणसासही सुटत नाहीत. उलट, अनुभवी माणूसच कधीतरी निष्काळजी होतो.

विष काढताना सापाचे डोके धरून त्याला पातळ पडदा ताणलेल्या काचपात्राच्या काठाचा चावा घेऊ देतात. पडद्यातून दात आत जातात व विष पात्रात पडते. ते थंड ठेवून वाळवितात. फुरशापासून एका वेळी काही मिलिग्रॅमच कोरडे विष मिळते. एक ग्रॅम साठविण्यास हे काम शेकडो वेळा करावे लागते. नंतर हे विष अत्यल्प मात्रेपासून आरंभ करून क्रमाने वाढवीत घोड्यांस टोचतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात उतारा तयार होतो. ते रक्त काढून, शुद्ध करून लस बनते. हाफकिनचे लसनिर्मितीचे काम १९७५ मध्ये स्वतंत्र महामंडळाकडे देण्यात आले. घोड्यांचा विभाग पुण्याजवळ पिंपरी येथे उभारण्यात आला.

आता थोडा हिशेब पाहू. दहा मिलिलिटरची एक कुपी घोणशीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमहून थोडे अधिक विष सोडते, असे धरले जाते. म्हणून दंशानंतर डॉक्टर आरंभीच आठ ते दहा कुप्या देतात. लहान मुलालाही मात्रा तेवढीच लागते, कारण सापाने मूल म्हणून विष कमी सोडलेले नसते. ‘एवढ्या कुप्या कशाला’ असे म्हणून नातेवाईक घाबरतात. त्यांस हा हिशेब समजावून सांगावा.

आज देशातील लसीसाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सापांच्या कातड्यांचा धंदा बंद पडला, तेव्हा साप पकडण्यात निष्णात असलेल्या या लोकांनी १९७८ मध्ये ही संस्था काढली. तेथे साप मातीच्या मडक्यांत कापड बांधून ठेवतात, सुमारे चार आठवड्यांत चार वेळा विष काढतात व पोटाच्या खवल्यावर खूण करून सापास पुन्हा सोडून देतात. ही रीत अनुकरणीय आहे. तथापि एक अडचण उरते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते. तामिळनाडूतील विषापासून केलेली लस दुसऱ्या प्रांतातील दंशावर काही वेळा कमी पडते, असे संशोधनात आढळले आहे. महाराष्ट्रातील सर्पांचे विष महाराष्ट्रातच शास्त्रीय रीतीने जमविले जावे, ही मागणी म्हणूनच रास्त वाटते.

मात्र याचा अर्थ गावात कोणी साप सांभाळावेत असा नाही. परवानगीवाचून साप पकडणे किंवा घरी ठेवणे हा वरील कायद्यान्वये गुन्हा आहे. गारुडी नागाचे दात उपटीत व तोंड शिवीत. असा साप उपासमारीने व जखमेने मरतो. दात पुन्हा येतात, हेही ध्यानात असावे. साप हातात घेऊन खेळ दाखविताना दंश होऊन सर्पमित्रांनी प्राण गमावल्याच्या घटना आपल्या राज्यात घडल्या आहेत. घरात साप निघाल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शेतातील धामण तर मारूच नये. ती बिनविषारी असून उंदीर खाते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख लोक सर्पदंशाने दगावले, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होते. दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठी, कडे काढून घ्यावे. दोरी आवळणे, जखम कापणे किंवा चोखणे यांनी अपायच होतो. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये; १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात रात्री कळ येऊन पापण्या जड होऊ लागल्या, तर खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय धरावा. खाट व मच्छरदाणी वापरल्यास हा धोका पुष्कळ टळतो.

पेरणीपूर्वी ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत व त्यांची मुदत केव्हा संपते याची चौकशी करावी. दहापेक्षा कमी कुप्या असतील तर तेथे एका रोग्याचाही आरंभीचा उपचार पूर्ण होण्याची खात्री नसते. भुकटीच्या स्वरूपातील लस थंड व अंधाऱ्या जागी टिकते. द्रवरूप लसीस मात्र शीतकपाट हवे, आणि गावात वीज किती तास असते हे डॉक्टरांपेक्षा कार्यकर्त्यासच अधिक ठाऊक असते.