कार्बनचं कापड किती गजांचं?

व्हायवाला ‘बीमला तडा गेला तर काय कराल?’ असं विचारलं की आपण पटकन ‘एफआरपी’ म्हणून मोकळे होतो. म्हणून थोडं गणित मांडतो.

बीम वाकतो तेव्हा मधल्या भागात खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण फारसा सोसत नाही, म्हणून तिथे गज. ते कमी पडले तर बीमच्या तळाला इपॉक्सीने कार्बन फायबर चिकटवतात. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर १९९१ साली हे केलं. पोलादी प्लेटा १७५ किलो लागल्या असत्या, तिथे ६.२ किलो कार्बनवर भागलं!

आता २०० मिमी रुंद, ०.१६७ मिमी जाड कापडाचा एक थर घ्या. क्षेत्रफळ ३३.४ चौ. मिमी. ताकद ३५०० मेगापास्कल धरली तर ११७ किलोन्यूटन. वा! पण फायबर तुटायच्या आधीच कापड काँक्रीटचा पापुद्रा घेऊन सुटतं. म्हणून स्ट्रेन समजा ०.००७ वर थांबवला, इलॅस्टिसिटी २३० गिगापास्कल घेतली, तर हाती ५४ किलोन्यूटन उरतात. ४१५ ग्रेडचा १२ मिमीचा एक गज ४७ देतो. बस्, एवढंच. माहितीपत्रकात मात्र ३५०० हाच आकडा ठळक असतो.

तेव्हा सगळी मदार चिकटण्यावर. सुटं कव्हर काढा, गज घासा, मॉर्टर भरा, ग्राइंडर मारा, धूळ झटका. गंज आत ठेवून वर कापड म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. शिवाय साधं इपॉक्सी ६०-८० अंशांना मऊ पडू लागतं. नांदेडच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर हे विसरून चालणार नाही. आग लागली तर कापड गेलंच समजा. तेव्हा स्वतःचं वजन आणि रोजचा भार जुन्या बीमने एकट्याने पेलायलाच हवा.

आणि आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर हे औषध नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली. अशा घराला कार्बन नको; माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, वर काँक्रीटचा पट्टा घाला. गवंडी करू शकतो.

लातुरातल्या पिलरवरच्या इमारतींची गोष्ट वेगळी. तिथे मला बीमपेक्षा खांबाला गुंडाळलेलं कापड जास्त पटतं, कारण ते आतलं काँक्रीट आवळून धरतं, नुसत्या चिकटण्यावर जगत नाही. चौकोनी खांबाचे कोपरे तेवढे आधी घासून गोल करा, नाहीतर कापड तिथेच फाटतं.