होकाराआधी सॅलरी ब्रेकअप मागा
पुण्यातल्या एका कंपनीने मला बारा लाखांचं पॅकेज देऊ केलं, तेव्हा घरी आम्ही महिन्याला लाख रुपये धरूनच फ्लॅटच्या हप्त्याचा हिशेब मांडला. पहिली सॅलरी स्लिप पाहिली, तर आयकर कापण्याआधीच आकडा 78,276 वर आला होता.

कुणी खोटं बोललं नव्हतं, पण नीट समजावूनही कुणी सांगितलं नव्हतं. दहा टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये, व्हेरिएबल होते. ते वर्षअखेरीस, कंपनीचा नफा आणि माझं रेटिंग बघून मिळणार. बेसिक 4,80,000. त्यावर कंपनीने भरायचा 12 टक्के पीएफ 57,600 आणि 4.81 टक्के ग्रॅच्युइटी 23,088. हे दोन्ही त्या बारा लाखांतच धरलेले. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी एरवी सलग पाच वर्षं सेवा झाल्यावर मिळते, आणि आयटीत एका जागी पाच वर्षं किती जण राहतात? उरलेल्या रकमेतून दरमहा माझ्या वाट्याचा पीएफ 4,800 आणि व्यवसाय कर 200. पीएफ आपलाच पैसा आहे, मान्य. पण बँकेचा हप्ता त्यातून जात नाही.

म्हणून बोलणी सीटीसीवर, म्हणजे पॅकेजच्या एकूण आकड्यावर, करूच नका, फिक्स्डवर करा. "अपेक्षा किती?" असं विचारलं की महिन्याला हातात किती यायला हवेत ते सांगा. जुना पगार लपवू नका, स्लिपा मागतातच. मात्र "त्यावर तीस टक्के वाढवून देतो" एवढ्यावर विषय मिटू देऊ नका. या कामाला दुसरीकडे काय मिळतं ते चार ओळखीच्यांना विचारून ठेवा आणि तो आकडा समोर मांडा. जॉइनिंग बोनस देत असतील तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करावा लागतो का, तेही विचारा.

हे सगळं राजीनामा देण्याआधी. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड एकदा सुरू झाला की घासाघीस करायला आपल्याकडे काही उरत नाही.

पुढची नोकरी घेताना मी ब्रेकअप मागितला. त्याच संध्याकाळी तो ईमेलवर आला आणि दोन फोननंतर व्हेरिएबलमधली निम्मी रक्कम फिक्स्डमध्ये आली. तुम्हीही मागा, आणि तो लेखी हातात येईपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका.